नाताळची वडिलोपार्जित सजावट

नाताळच्या झाडावर टांगण्याच्या, एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या जुन्या वस्तू. फुंकून केलेले काचेचे गोळे व आकृत्या, उठावाच्या सोनेरी-रुपेरी पुठ्ठ्याचे प्राणी (यांना ‘ड्रेस्डेन’ म्हणतात), कापसाची फळे, शिशाच्या चकाकत्या पट्ट्या आणि विजेच्या माळा त्यांत मोडतात. सर्वांत नाजूक आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने हाताळली जाते ती काच. ती झाडावरून पडून फुटते, पण तिचा रंग आणि चांदी जाते ती बहुधा डब्यात, उरलेल्या अकरा महिन्यांत.

जर्मनीच्या थ्युरिंगिया भागातल्या लाउशा गावी १५९७ मध्ये काचभट्टी सुरू झाली. झाडासाठीच्या काचेच्या गोळ्यांचा जुना लेखी उल्लेख तिथल्याच १८४८ च्या एका मागणीवहीत सापडतो. सुरुवातीचे गोळे जाड आणि जड असत. १८६७ मध्ये गावात गॅसचा कारखाना आला, ज्योत हवी तशी कमीजास्त करता येऊ लागली आणि पातळ भिंतीचे मोठे गोळे फुंकणे कारागिरांना जमू लागले. आतून चमक आणण्यासाठी पूर्वी शिसे वापरत. पुढे रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख यांच्या आरसे बनवण्याच्या पद्धतीवरून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण आले. एफ. डब्ल्यू. वुलवर्थ यांनी १८८० च्या दशकात आपल्या दुकानांतून हा माल अमेरिकेत खपवला. आज तिथल्या घरांत निघणारे अनेक जुने नग त्या व्यापारातले आहेत.

घडण ठाऊक असली की जपणूक निम्मी कळते. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून मोकळी किंवा दुभागी साच्यात फुंकतात. गार झाल्यावर मानेतून चांदीचे द्रावण ओततात आणि गरम पाण्यात धरून हलवतात. चांदीचा थर आतल्या भिंतीवर बसतो. मग गोळा रंगीत रोगणात बुडवतात, वाळल्यावर त्यावर कुंचल्याने नक्षी काढतात, नळीचा लांब दांडा कापून टाकतात आणि उरलेल्या आखूड मानेवर पत्र्याची टोपी बसवतात. म्हणजे चांदी काचेच्या आत आणि रंग काचेच्या बाहेर. रंग काचेत मुरलेला नसतो, नुसता वर बसलेला असतो. शिवाय मान उघडीच असते. टोपी तिला हवाबंद करत नाही.

म्हणूनच असा गोळा धुऊ नये. जुन्या रंगांत पाण्यात सुटणारी बंधके (रंग धरून ठेवणारे चिकट द्रव्य) असतात, ओला बोळा फिरवला की गालावरची लाली बोळ्यावर येते. मानेतून ओल आत गेली तर चांदी तिथूनच काळवंडत किंवा सुटत खाली उतरते. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण तर मुळीच नको. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. जिथे रंग पापुद्र्यासारखा उचलला गेला आहे तिथे कुंचलाही लावू नये. धूळ राहिली तरी चालेल.

टोपीत वाकवलेल्या तारेचे दोन पाय असतात. ते मानेत शिरून बाहेरच्या बाजूला ताणतात आणि त्या ताणावर गोळा लोंबतो. टोपी सरळ उपटली तर पाय आतली चांदी खरवडतात आणि मानेच्या काठाचा टवका उडतो. टोपी काढायचीच असेल तर कडीच्या बुडाशी दोन्ही तारा चिमटीत दाबून जवळ आणाव्यात, मग हलकेच बाहेर घ्यावे. सैल झालेल्या टोपीचे पाय थोडेसेच फाकवावेत. जास्त फाकवले की पातळ मान तडकते. गोळा उचलताना तळहात खाली असावा. टोपीला धरून उचलणे हे फुटण्याचे नेहमीचे कारण आहे. जड नग खोडाजवळच्या जाड फांदीवर टांगावेत आणि आकड्याचे टोक फांदीभोवती दाबून बंद करावे.

वय ठरवायला टोपी उपयोगी पडते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. ‘अमेरिकी ताब्यातील विभाग, जर्मनी’ किंवा ‘व्याप्त जपान’ असा इंग्रजी शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ दाखवतो. व्याप्त जपानचा काळ १९४५ ते १९५२. आतून चांदी नसलेला, वर नुसते रंगीत पट्टे असलेला आणि पुठ्ठ्याच्या टोपीचा गोळा बहुधा युद्धकाळातला अमेरिकी असतो, कारण तेव्हा धातूची टंचाई होती. कॉर्निंग कंपनी दिव्यांचे फुगे करण्याच्या यंत्रावर असे गोळे काढत असे आणि ते ‘शायनी ब्राइट’ या नावाने विकले जात. मात्र घरोघरी टोप्यांची अदलाबदल होतच आली आहे. एकट्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नये.

ठेवण्यासाठी कप्प्यांचा डबा आणि आम्लरहित पातळ कागद घ्यावा. वर्तमानपत्र, रबरबँड आणि लोकर टाळावी: वर्तमानपत्राची शाई लागते आणि कागद आम्ल सोडतो, तर रबर व लोकरीतले गंधक चांदी काळी करते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पोटमाळ्यावर उन्हाळ्यात रंग चिकट होऊन कागदाला धरतो आणि तळघरात बुरशी येते, तेव्हा राहत्या खोलीतले कपाट बरे. कोणाचा, कधीचा, कुठून आला हे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून कप्प्यात ठेवावे. वस्तूवर चिकटपट्टी लावू नये, ती काढताना रंग घेऊन निघते. भावंडांत वाटणी करायची झाल्यास आधी प्रत्येक नगाचा टोपीसकट फोटो काढून ठेवावा.

वारशात आलेले सगळेच वापरण्याजोगे नसते. जड, करड्या, दुमडली की तशीच राहणाऱ्या पट्ट्या शिशाच्या समजाव्यात. अमेरिकेत त्या १९७२ च्या सुमारास बाजारातून गेल्या. लहान मुले असलेल्या घरात त्या झाडावर नकोत, आणि हाताळल्यावर हात धुवावेत. जुन्या डब्यातला पांढरा भुसभुशीत ‘बर्फ’ ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तो झटकू नये, झाडू नये. डबा बंद करून तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

विजेच्या जुन्या अमेरिकी माळांत ८ दिवे एकसरीत जोडलेले असत. १२० व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येकाच्या वाट्याला १५ व्होल्ट येत. एक गेला की सगळे विझतात, आणि त्या जागी भलताच दिवा बसवला किंवा मध्येच तार जोडून घेतली तर उरलेले प्रमाणाबाहेर तापतात. कापडी वेष्टनाची तार वाकवताच आतले रबर भुगा होऊन पडत असेल तर ती माळ प्लगला लावू नये. १९४६ पासून विकल्या गेलेल्या बुडबुड्यांच्या दिव्यांच्या नळीत मिथिलीन क्लोराइड हा विषारी द्रव असतो. तडा गेलेली नळी खिडक्या उघड्या ठेवून हातमोज्यांनी उचलावी आणि घातक कचऱ्यात द्यावी.