बडोद्यात उंच इमारतीची पर्यावरण मंजुरी: फाइल नेमकी कुठे अडते

रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांमधले लोक हल्ली मला फोन करतात. पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "आमचं तर वीस हजारांच्या आतच बसतंय, मग ही पर्यावरण मंजुरी कशाला?" मी उलट विचारतो, वीस हजार कसलं मोजलंत?

केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्र असेल तर काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी, घ्यावी लागते. हे बांधकाम क्षेत्र म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या आकारावर ठरणारं, नकाशात मोजलं जाणारं बांधकाम) नव्हे. सगळ्या मजल्यांवरचं छपराखालचं क्षेत्र, बेसमेंट आणि सर्व्हिसच्या जागांसकट, यात धरतात. आमच्या सोसायटीचाच हिशेब सांगतो. नकाशावर एफएसआय १५,६०० होता आणि आम्ही निर्धास्त होतो. मग दोन बेसमेंटचे ४,८०० मिळवले, हॉलो प्लिंथचे, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्याचे, १,१००, जिने, लिफ्ट, लॉबी आणि वरच्या केबिनचे २,३००. झाले २३,८००. हा आकडा आधी कोणी मांडलाच नव्हता, आणि तोवर सभासदांनी भाड्याची घरं बघायला सुरुवात केली होती. आर्किटेक्टकडून ही बेरीज लेखी घ्या, सहीनिशी.

काही जण सुचवतात, दोन फेज दाखवा, एक चौदा हजारांची आणि एक नऊची. प्लॉट एक, फाटक एक, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) एक असताना ते दोन प्रकल्प होत नाहीत. उलट लपवाछपवी केल्याचा शिक्का बसतो. आधीची इमारत १८,००० ची असेल आणि आता ४,००० वाढवायचे असतील, तरीही मंजुरी लागते.

दीड लाख चौरस मीटर किंवा ५० हेक्टर गाठलंत तर पूर्ण ईआयए अहवाल, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास, लागतो, तोही नॅबेट या संस्थेची मान्यता असलेल्या सल्लागाराकडून. त्याखालच्या प्रकल्पाला फॉर्म १, फॉर्म १ए आणि संकल्पना-आराखडा पुरतो. जनसुनावणी दोन्हींत नाही. अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर भरायचा. आधी तज्ज्ञ समिती, जिला सगळे सॅक म्हणतात, छाननी करते आणि मग गांधीनगरचं राज्य प्राधिकरण, म्हणजे सीया, निर्णय देतं. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनएचा (बिगरशेतीचा) हुकूम, टीपी (नगररचना) स्कीममधला प्लॉटचा एफ फॉर्म, झोनिंगचा दाखला ही कागदपत्रं सहसा हाताशी असतात. फक्त केएमएल फाइलमधली (डिजिटल नकाशावरची) हद्द आणि एफ फॉर्मचं क्षेत्रफळ जुळतंय ना, तेवढं स्वतः बघा.

खरा घोळ पाणीपुरवठ्याच्या हमीच्या पत्राचा. समितीला हवा असतो आकडा, आणि पत्रात येतं "उपलब्धतेनुसार पाणी देण्यात येईल." या वाक्याचा कुणालाही उपयोग नाही. पत्र देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तरी टायपिस्टकडे तोच मसुदा वर्षानुवर्षं पडून असतो. म्हणून मागणीच्या अर्जातच आकडा लिहून द्या. १४४ फ्लॅट, प्रत्येकी ५ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज सुमारे ९७ हजार लिटर. त्यातले माणशी ४५ लिटर फ्लशिंगचे. ते एसटीपीच्या शुद्ध केलेल्या पाण्यातून भागतात, म्हणून ताजं पाणी उरतं सुमारे ६५ हजार लिटर. पत्रात ९७ आणि तक्त्यात ६५ असं झालं की शंका निघाली. उरलेलं सांडपाणी कोणत्या ड्रेनेज लाइनला जोडणार, त्याचंही पत्र लागतं. भायली-सेवासीकडच्या प्लॉटवाल्यांनी हे पत्र सगळ्यांत आधी मागावं; समोरच्या रस्त्याला लाइन पोचलेली नसेल तर पुढचं सगळं थांबतं.

विमानतळ प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या, इमारतीच्या उंचीच्या दाखल्यावर लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते, जमिनीपासूनची नव्हे. बडोद्याची जमीनच ३५-४० मीटरवर आहे. दाखल्यात १०० मीटर दिसले म्हणून शंभर मीटरची इमारत उभी राहत नाही. वरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोलीही त्याच उंचीत बसवायची.

विश्वामित्रीच्या किंवा एखाद्या कांसच्या (पावसाळी नाल्याच्या) जवळ प्लॉट असेल तर जरा थांबून फॉर्म भरा. कांस उन्हाळ्यात कोरडी दिसते म्हणून "जलप्रवाह: नाही" लिहितात, आणि नदीकाठच्या प्लॉटला "वन्यजीव: नाहीत". ज्या नदीत मगरी आहेत, आणि मगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, तिच्या काठावरून हे लिहून चालत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती पातळी, बेसमेंटच्या रॅम्पचा माथा आणि पावसाचं पाणी जाण्याची वाट नकाशावर दाखवा. मंजुरी मिळो न मिळो, तिथे राहायचंय आपल्यालाच.

मंजुरी हातात येईपर्यंत खोदकाम नको. कुंपण घालून जागा राखता येते, त्यापलीकडे फारशी मुभा नाही. "रजा चिठ्ठी (बांधकाम परवानगी) आली, आता पाया काढून घेऊ" या घाईत कित्येकांनी स्वतःला उल्लंघनाच्या प्रकरणात अडकवून घेतलंय. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत खड्डा तारखेसकट दिसतो.

मुदतींचं गणितही चुकतं. १०५ दिवस (६० छाननीचे, ४५ निर्णयाचे) अर्ज पूर्ण मानला गेल्यापासून धरतात, पोर्टलवर भरल्यापासून नाही. शंका निघाली की ती सल्लागाराच्या लॉगिनला येते आणि सोसायटीला महिनाभर पत्ता नसतो. म्हणून ईमेल आणि मोबाइल स्वतःचा द्या. मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कुणाला हरकत असेल तर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येतं. आपल्याला पुण्याचं खंडपीठ लागतं. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती वेगळी लागते का, तेही काम सुरू करण्याआधी मंडळाकडे विचारून घ्या.

आणि दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल. बिल्डर ताबा देऊन निघून जातो, मंजुरी त्याच्याच नावावर राहते आणि अहवाल बंद पडतात. ताबा घेताना ईसी सोसायटीच्या नावे करून घ्या. आजवरच्या अहवालांच्या प्रती मागा आणि एसटीपीचं लॉगबुक उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा. आमच्या शेजारच्या सोसायटीत ती नोंद ताब्याच्या आदल्या दिवशीची होती, आणि त्यानंतरची पानं कोरी.