वेल्फेअर ऑफिसर म्हणजे एचआर नव्हे

गोव्यात वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत 'तुमच्याकडे वेल्फेअर ऑफिसर कोण?' असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: 'एचआर मॅडमच सगळं बघतात.' जुने कामगार तर ठामपणे सांगतात की पूर्वीच्या लेबर ऑफिसरलाच आता एचआर म्हणतात, पाटी तेवढी बदलली. पण ही दोन पदे वेगवेगळ्या कारणांनी जन्माला आली आहेत आणि त्यांची बांधिलकीही वेगळी आहे. गाऱ्हाणे घेऊन केबिनच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला तरी हा फरक ठाऊक असायला हवा.

वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कल्याण अधिकारी, हे पद कायद्याने दिले आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४९ व्या कलमानुसार ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला तो नेमावाच लागे. मालकाची मर्जी तिथे चालत नसे. या गणतीत कंत्राटदाराने आणलेली माणसेही धरली जात, ही गोष्ट कंत्राटी कामगारांवर चालणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांना फारशी आवडत नाही. खाणींनाही १९५५ च्या नियमांनी तेच बंधन घातले. त्याची कामे, पात्रता आणि सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारकडे. कँटीन, पाळणाघर, विश्रांतीची खोली, रजा, राहण्याची सोय, कामगारांची गाऱ्हाणी वरपर्यंत नेणे आणि वरचे म्हणणे खाली समजावणे हे त्याचे काम.

एचआर मॅनेजर नेमावा असे सांगणारे कलम त्या कायद्यात कुठेही नव्हते. तो कंपनीला हवा असतो म्हणून असतो.

हे असे का झाले, ते समजायला मुंबईच्या गिरण्यांकडे जावे लागते. तिथे भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात होती. आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस तो आत घेई, त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच खाई, आणि मर्जी फिरली की घरी पाठवी. कामगारांची स्थिती तपासायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात यावर उपाय सुचवला: प्रत्येक मोठ्या कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा, भरती त्याच्याकडे द्या, आणि त्याला विचारल्याशिवाय कुणाला काढू नका. गंमत अशी की या पहिल्या लेबर ऑफिसरच्या हातात भरतीही होती आणि कामगाराचे रक्षणही, म्हणजे आजच्या दोन्ही खुर्च्या एकाच टेबलाशी होत्या. जुन्या कामगारांचा गोंधळ उगीच नाही.

मात्र १९४८ नंतर या कामांची वाटणी झाली. अनेक राज्यांच्या नियमांत एक अट आली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते: कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळायची नाहीत, आणि समेट अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे व्यवस्थापनातर्फे कामगाराविरुद्ध उभे राहायचे नाही. पगार कंपनीचा, पण मेमो काढायला बंदी! अशा माणसाला मालकाने चिडून काढून टाकू नये, याचीही तजवीज काही ठिकाणी होती. पंजाबच्या १९५२ च्या नियमांनुसार कामगार आयुक्तांच्या लेखी संमतीशिवाय त्याला काढता येत नसे, आणि काढलेच तर तो राज्य सरकारकडे अपील करू शके. एका सिमेंट कंपनीने असे अपील ऐकण्याच्या सरकारच्या अधिकाराचा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९६४ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या खंडपीठाने निर्णय दिला की असे अपील ऐकताना राज्य सरकार हे न्यायाधिकरणच असते. पुढे हेच गजेंद्रगडकर पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि आयोगाच्या १९६९ च्या अहवालानेही बजावले की कल्याण अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या बाजूने तंटे लढायला लावू नका. ही शिफारस करावी लागली, याचाच अर्थ कंपन्या त्याला तसे लावत होत्या.

एचआरची वाट अमेरिकेतून येते, आणि ती मालकाच्या गरजेतून निघते. ओहायोतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत १९०१ साली मोठा संप आणि टाळेबंदी झाली. त्यानंतर मालक जॉन पॅटरसनने तक्रारी, बडतर्फी, सुरक्षितता अशा गोष्टींसाठी स्वतंत्र विभाग काढला. पुन्हा संप नको, हा त्यामागचा सरळ हिशेब. त्याच्याही आधीपासून अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर घड्याळ लावून काम मोजत होता. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेल्या प्रयोगांनंतर माणसाच्या मनाचीही उत्पादनात गणती होऊ लागली. १९५४ मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरने कामगाराकडे संसाधन म्हणून पाहण्याची भाषा वापरली, आणि १९८४ साली हार्वर्ड आणि मिशिगन या दोन विद्यापीठांतून आलेल्या मांडण्यांनी माणसांचे नियोजन थेट कंपनीच्या धोरणाला जोडले. भरती, मूल्यमापन, बढती, पगार, प्रशिक्षण या सगळ्याला एकच कसोटी लागली: धंद्याला याचा उपयोग काय?

भारतात हा विचार त्याच्याही आधी, वेगळ्या अंगाने आला होता. १९७४-७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने आपली मूल्यमापनाची पद्धत तपासायला अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावले. त्यांनी मूल्यमापनावर न थांबता मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्थाच सुचवली. त्यांचा भर माणूस वाढवण्यावर होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण विकासाची फाइल आणि कपातीची फाइल आज बहुतेक ठिकाणी एकाच कपाटात असते.

एचआर वाईट आणि वेल्फेअर ऑफिसर चांगला, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पात्रांवच्या, म्हणजे मालकाच्या, पुढेमागे करण्यात हयात घालवलेले कल्याण अधिकारी आहेत, आणि कामगारासाठी भांडणाऱ्या एचआर मॅनेजरही आहेत. फरक स्वभावाचा नसून पदाचा आहे. एचआरने तुमच्यावर आरोपपत्र काढले, तर ते त्याचे कामच आहे. ती व्यक्ती तुमच्याशी कितीही गोड बोलत असली, तरी खात्यांतर्गत चौकशीत ती कंपनीच्या बाजूला बसते. तेच काम कल्याण अधिकाऱ्याकडून करून घेतले, तर अशी मनाई असलेल्या ठिकाणी नियमभंग होतो. गाऱ्हाणे सांगताना 'हे कुणाच्या फाइलला लागणार?' हा प्रश्न मनात असलेला बरा.

गोव्यात हा गोंधळ जास्त का, याला माझ्या मते दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे १९६१ च्या डिसेंबरापर्यंत इथे पोर्तुगीज राज्य होते. व्हिटली आयोगापासून १९४८ च्या कायद्यापर्यंतचा सगळा झगडा सीमेपलीकडे घडला, आणि आपल्याला त्याचे फळ तयार कायद्यांच्या रूपाने मिळाले. त्यानंतर मोठ्या खाणींवर आणि मोठ्या कारखान्यांत हे अधिकारी आले खरे. पण २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तशी त्यांना ओळखणारी पिढीही पांगली.

दुसरे कारण अधिक ठोस आहे. कांदोळी-कळंगुटपासून काणकोणपर्यंत गोव्याची कितीतरी तरुण मुले हॉटेलांत कामाला आहेत, आणि कारखान्याच्या कायदेशीर व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह आणि खाणावळ १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे वगळली होती. हॉटेलात सहाशे माणसे राबत असली तरी ४९ वे कलम त्याला लागत नव्हते. तिथे गोव्याचा १९७३ चा दुकाने व आस्थापना कायदा. त्यामुळे पंचतारांकित हॉटेलात भरती झालेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून फक्त एचआर दिसते, आणि वेल्फेअर ऑफिसरकडून जे मागायचे तेही ती एचआरकडेच मागते. ते मिळाले नाही की तिला फसल्यासारखे वाटते. अशा वेळी तिचे दार पणजीत पाटोला आहे, श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनी कल्याण अधिकाऱ्यासाठीचा ५०० चा आकडा २५० वर आणला आहे. वेर्ण्यातल्या मधल्या आकाराच्या औषध कारखान्यांनाही आता या पदाचा विचार करावा लागेल, आणि काही जण 'आमच्याकडे एचआर आहे ना' असे उत्तर देऊन पाहतील. ते उत्तर चालणार नाही. हॉटेलांना मात्र नव्या संहितेतही कारखान्याच्या व्याख्येबाहेरच ठेवले आहे.