जागरणाला बसलेला कॉम्प्युटर

खेळात चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसत्या ओळी. ‘तुम्ही वाड्याच्या दिंडी दरवाजात उभे आहात. उत्तरेला चौक, पूर्वेला विहीर.’ आपण ‘उत्तर’ असं टाइप केलं की चौकाचं वर्णन येतं आणि तिथे आधीपासून कोण उभं आहे तेही कळतं. तो दुसरा खेळाडू त्या क्षणी नाशकात बसलेला असेल, नाहीतर न्यूजर्सीत. या खेळांना ‘मड’ म्हणतात. पहिला मड १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं पुढे नेला. विद्यापीठाच्या मोठ्या मशीनवर दिवसा बाकीची कामं चालत, म्हणून बाहेरच्या खेळाडूंना रात्रीच शिरकाव मिळायचा.

आज असला खेळ चालवायला विद्यापीठ लागत नाही. सांगलीच्या गावभागातला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी माझ्या ओळखीचा आहे. त्याचा मराठी मड घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर चालतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा असं सगळं, अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ३ बाइट घेतं. म्हणजे ५०० चिन्हांचं खोलीचं वर्णन झालं १५०० बाइटचं, आणि नेटवर्कवरून जाणारं एक पॅकेटही साधारण तेवढंच असतं. मोबाइलवरून दीडशे केबीचा एक फोटो पाठवायला जेवढा डेटा जातो, तेवढ्यात अख्ख्या वाड्याच्या शंभर खोल्या फिरून होतात. प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो.

अवघड आहे ते बंद न पडणं. मडचं जग कुणी खेळत नसलं तरी चालू राहतं: जखमा भरतात, राक्षस पुन्हा उगवतात, दिवस मावळतो. यासाठी प्रोग्रॅमला ठरावीक वेळानं ठोका द्यावा लागतो. एलपीमड नावाच्या एका जुन्या घराण्यात हा ठोका साधारण दर २ सेकंदांनी पडतो. पोराची आजी मध्यंतरी विचारत होती, “अरे, रात्रभर ते मशीन कुणासाठी चालू ठेवतोस?” तो म्हणाला, “आजी, अमेरिकेत आत्ता दिवस आहे गं.”

पहिला शत्रू म्हणजे लाईट. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत वळीव आला की लाईट जाते, येते, परत जाते. घरोघरी इन्व्हर्टर आहेत, पण लाईट गेल्यापासून इन्व्हर्टरनं भार उचलेपर्यंत मध्ये एक फट राहते. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर ती साधारण १० मिलिसेकंदांची, साध्या मोडवर असेल तर त्याच्या काही पट. पंखा, ट्यूबला याचं काही नाही. कॉम्प्युटरला मात्र ही फट स्वतःच्या शिदोरीवर काढावी लागते, आणि ती शिदोरी असते एसएमपीएसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, वीज साठवणाऱ्या एका जाड कपॅसिटरमध्ये.

घरात येणारी २३० व्होल्टची एसी वीज एसएमपीएस आधी डीसी करून घेतो. तो दाब जातो सुमारे ३२५ व्होल्टवर. तिथे ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात साधारण १७ जूल ऊर्जा साठते. दाब फार उतरला की एसएमपीएस हात टेकतो, त्यामुळे यातली निम्मीच, म्हणजे ९ जूलच्या आसपास, कामी येते. आमच्या या मडवाल्या कॉम्प्युटरची ओढ जेमतेम ७० वॉट. ९ भागिले ७०, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद. इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तरी निभावतं. त्याच कपॅसिटरवर ग्राफिक्स कार्ड पेटवून खेळणारा ४७० वॉटचा कॉम्प्युटर बसवला तर हाती राहतात १९ मिलिसेकंद. ५० हर्ट्झच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो, तेवढासुद्धा नाही. शब्दांचा खेळ हलका असल्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

हा कपॅसिटर म्हातारा होतो. त्यातला द्रव हळूहळू सुकतो आणि साठवण घटते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, असा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात खोलीतच ४० अंश असतील आणि एसएमपीएसच्या जाळीवर धुळीचा थर असेल, तर आतलं काय सांगावं! एरवी लाईट जाऊन-येऊन काही न होणारा कॉम्प्युटर हल्ली इन्व्हर्टरवर जाताना रिस्टार्ट व्हायला लागला, तर संशय पहिल्यांदा या कपॅसिटरवर घ्यावा. विंडोज पुन्हा टाकून तो बरा होत नाही. आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘वीज परत आल्यावर चालू हो’ अशी सोय असते, ती चालू करून ठेवावी. नाहीतर पहाटे लाईट येऊनही मशीन तसंच पडून राहतं.

बिलाचं थोडक्यात: ७० वॉटचा डेस्कटॉप २४ तास चालला तर ३० दिवसांत ५० युनिट होतात. घरगुती दराची पहिली पायरी १०० युनिटला संपते. एरवी ९० युनिट जळणाऱ्या घरात त्यातली ४० युनिट वरच्या, महाग पायरीत पडतात. १२ वॉट ओढणारा जुना लॅपटॉप वापरला तर साडेआठ-नऊ युनिटांत भागतं, शिवाय बॅटरी घरचीच. फक्त ती बॅटरी बारा महिने १०० टक्के भरलेली ठेवू नये. भरलेली आणि तापलेली लिथियम बॅटरी लवकर खराब होते, कधी फुगतेही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते.

दुसरा शत्रू शांतता. हा मला विजेपेक्षा जास्त मजेशीर वाटतो. व्हिडिओ बघताना डेटा सतत वाहत असतो, पण शब्दांच्या खेळात माणूस वाचतो, विचार करतो, मध्येच जेवायला उठतो. पंधरा-वीस मिनिटं एक बाइटही इकडून तिकडे जात नाही. वाटेतला राउटर कोणतं कनेक्शन कुणाचं याचा एक तक्ता ठेवतो, आणि त्यात जागा मोजकीच असते. चहाच्या हॉटेलात काही न मागवता बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवतात, तसं तो गप्प कनेक्शनचं नाव खोडतो. दोन्ही टोकांना याची वार्ताच नसते. खेळाडू जेवून येतो, ‘उत्तर’ टाइप करतो, आणि खेळ दगडासारखा गप्प.

गंमत अशी, की लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम अशा गप्प जोडणीची विचारपूस करते, पण मुळातल्या सेटिंगप्रमाणे तब्बल २ तासांनी, आणि तीही प्रोग्रॅमनं सांगितलं तर. त्यावरूनच इंटरनेटच्या नियमांत राउटरला सांगितलंय की अशी नोंद किमान २ तास ४ मिनिटं पुसू नका. स्वस्त राउटर हे कुठलं ऐकायला! ते काही मिनिटांतच मोकळे होतात. उपाय मात्र सोपा आहे. मड वापरतात त्या टेलनेट या जुन्या भाषेत ‘काही करू नकोस’ अशी एक आज्ञा आहे, २ बाइटची: २५५ आणि २४१. सर्व्हरनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कॉम्प्युटरनं, ती दर मिनिटाला पाठवली की खेळाडूच्या पडद्यावर काही उमटत नाही, पण राउटरच्या तक्त्यात नाव ताजं राहतं.

बाहेरच्या माणसानं घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत यायचं कसं, हा वेगळाच घोळ. इंटरनेटवरच्या जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला, तर आपण त्या सामायिक पत्त्याखाली आहोत असं समजावं. मग घरच्या राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, कितीही उघडा, काही उपयोग नाही. पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेता येतो. नाहीतर बाहेर एक लहानसा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा आणि घरच्या कॉम्प्युटरनं आतून तिकडे बोगदा खणायचा, म्हणजे एक जोडणी कायम उघडी ठेवायची. गावभागातल्या पोरानं हेच केलंय. खेळाडू भाड्याच्या पत्त्यावर येतात आणि बोगद्यातून वाड्याच्या दिंडी दरवाजात पोचतात.

सगळं सुरळीत चाललं तर तिसरा शत्रू उगवतो, तो काळ. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सुरुवातीपासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक ३२ बिटांचा आकडा होता. तो ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो, आणि तेव्हा मशीन अडकून पडू शकायचं. बरीच वर्षं हा दोष फारसा कुणाच्या ध्यानात आला नाही, कारण त्या काळात विंडोज सलग ४९ दिवस टिकायचं कुठे? २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं बोइंग ७८७ बाबत असाच इशारा दिला: जनरेटरचं नियंत्रण करणारी यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली तर वीजपुरवठा तुटू शकतो. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा ३१ बिटांचा आकडा भरायला बरोबर तेवढेच दिवस लागतात.

मडमध्ये असे आकडे जागोजागी असतात, आणि त्यांच्याबरोबर मेमरीची गळती. खेळाडू निघून गेल्यावर प्रोग्रॅम दर वेळी २०० केबी मोकळी करायचं विसरला आणि दिवसाला ५०० वेळा ये-जा झाली, तर रोज १०० एमबी अडकते, आणि ४ जीबीची रॅम ४० दिवसांत खलास. चाचणी घेताना, तासाभरात, यातलं काही दिसत नाही. त्यामुळे ‘माझा सर्व्हर वर्षभर बंद झाला नाही’ ही फुशारकी मला फारशी पटत नाही. ठरवून केलेला रिस्टार्ट बरा. मडवाल्यांनी त्यावर एक सुरेख युक्ती काढली आहे, ‘कॉपीओव्हर’. युनिक्सच्या घराण्यात (लिनक्स त्यातलंच) एक चालू प्रोग्रॅम स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्रॅम बसवू शकतो, आणि तसं करताना उघडी असलेली कनेक्शन उघडीच राहतात. जुना मड सगळ्यांची अवस्था फाइलमध्ये लिहितो, नव्याला जागा देतो, नवा ती वाचून पुढे खेळवतो. गळलेली मेमरी मोकळी, आकडे शून्यावर, आणि खेळाडूला फार तर सेकंदभराचा खोळंबा.

ती फाइल लिहिता लिहिता लाईट गेली तर? अर्धी लिहिलेली फाइल म्हणजे अर्धं जग. म्हणून जुनी फाइल थेट खोडायची नाही. नवी वेगळ्या नावानं पूर्ण लिहायची, डिस्कवर उतरल्याची खात्री करायची, मग नाव बदलायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं. काहीही झालं तरी जुनी किंवा नवी, एक धड फाइल हाती राहते.

सांगलीत एवढ्यावर भागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. असं पाणी चढलं की सुरक्षेसाठी त्या भागाची वीजच तोडतात, मग कॉम्प्युटर माळ्यावर असो नाहीतर गच्चीवर. म्हणून खेळाच्या जगाची एक प्रत रोज पहाटे त्याच जिल्ह्यातल्या, पण कृष्णेपासून लांबच्या जतला, पोराच्या मावशीकडच्या लॅपटॉपवर जाते. दाबून बांधलेली प्रत ४ एमबीसुद्धा भरत नाही. गावभाग अंधारात गेला तर मावशीनं लॅपटॉप चालू करायचा, बोगदा जतहून खणला जाईल. भाड्याचा पत्ता तोच राहतो, त्यामुळे न्यूजर्सीवाल्याला काही कळवायची गरज पडत नाही.