आंबा : आयात निर्बंध व संगरोध

ताजा आंबा आपल्या हद्दीत घेण्यापूर्वी आयातदार देश ज्या कीड-रोगविषयक अटी घालतात त्या, आणि त्यांतून व्यापाराला होणारा अडथळा. अमेरिका, युरोप व जपान यांच्या बाबतीत भारतीय आंब्याला जकातीपेक्षा या अटींनीच अधिक अडवले आहे. येथे मुख्यतः कोकणचा हापूस व गुजरातचा केसर यांचा विचार केला आहे.

अटींच्या मुळाशी दोन कीटक आहेत. फळमाशी (बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस) सालीखाली अंडी घालते आणि अळ्या गर खातात. असे फळ पिकताना नासते, त्यामुळे निदान ओळखू तरी येते. बाठ्यातला भुंगा (स्टर्नोकीटस मँजिफेरी) मात्र कैरी लहान असतानाच तिच्यावर अंडी घालतो. अळी गरातून बाठ्यात शिरते, वाढत्या फळात तिची वाट भरून येते आणि बाहेर खूण उरत नाही. चांगला पिवळाधमक आंबा कापून खाल्ला तरी पत्ता लागत नाही. बाठा फोडावा तेव्हा आत काळपट भुसा आणि भुंगा सापडतो. संगरोधाचा, म्हणजे परदेशी कीड आत येऊ नये म्हणून माल अडवून तपासण्याचा, सगळा पेच या एका गोष्टीत आहे.

अमेरिकेच्या बंदीचे वर्ष १९८९ असे वृत्तपत्रांत सर्रास दिले जाते व कीटकांची भीती हे कारण सांगितले जाते. तथापि ‘बंदी’ हा शब्द जपून वापरायला हवा. अमेरिकी नियमांची मांडणीच अशी आहे, की ज्या देशाचे जे फळ मान्य प्रक्रियेसह मंजूर झालेले नाही, त्याला प्रवेश नाही. १९८० च्या दशकात एथिलीन डायब्रोमाइड या कीटकनाशकाची धुरी आरोग्याच्या कारणास्तव वापरातून गेली आणि लॅटिन अमेरिकेतील आंब्यासाठी गरम पाण्याची प्रक्रिया आली. त्या पाण्याने फळमाशीची अंडी-अळ्या मरतात. बाठ्यातल्या भुंग्यापर्यंत पुरेशी उष्णता पोचवायची तर गर शिजतो. म्हणून मेक्सिकोला जी वाट मोकळी झाली ती भारताला झाली नाही. नेमके वर्ष कोणतेही धरले, तरी मान्य प्रक्रियेचा अभाव हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेने स्वतःच्या आंबा बागायतदारांना संरक्षण देण्यासाठी दार लावले, हे मत फारसे टिकत नाही. तेथे आंब्याचे उत्पादन अल्प आहे. फळमाशीचे भय तेथील संत्री व इतर फळबागांना आहे आणि ते खरे आहे.

ही कोंडी विकिरणाने, म्हणजे फळावर किरणांचा मारा करून, फुटली. भाभा अणुसंशोधन केंद्राने नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ मध्ये उभारलेले ‘कृषक’ केंद्र मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून होते. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भारतभेटीत आंब्याच्या प्रवेशाचा प्रश्न मार्गी लागला व एप्रिल २००७ मध्ये लासलगावहून विकिरणित आंबा अमेरिकेला गेला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची किमान मात्रा ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) ठरवलेली आहे. ताज्या फळांसाठी कमाल मर्यादा १,००० ग्रे. पेटीतल्या ज्या जागी सर्वांत कमी किरण पोचतात तेथेही ४०० भरले पाहिजेत, त्यामुळे कडेच्या फळांना साहजिकच जास्त मात्रा बसते. पेटीच्या हवेच्या भोकांवर बारीक जाळी लागते, कारण प्रक्रियेनंतर नवी माशी आत शिरता कामा नये. या मात्रेने कीटक लगेच मरेलच असे नाही. तो वांझ होतो किंवा त्याची पुढची वाढ थांबते. म्हणून तपासणीत जिवंत अळी सापडली म्हणजे प्रक्रिया फसली, असा निष्कर्ष निघत नाही. ही बाब आंतरराष्ट्रीय मानकातही मान्य आहे. पुढे महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची विकिरण, उष्ण बाष्प व उष्ण जल प्रक्रियेची केंद्रे वाशी येथे झाली.

जपानने बंदीनंतर सुमारे वीस वर्षांनी, २००६ मध्ये, प्रवेश दिला. तेथे विकिरण नव्हे तर उष्ण बाष्प प्रक्रिया लागते. दमट गरम हवेने गराचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसवर नेऊन २० मिनिटे राखावे लागते आणि परवानगी ठरावीक जातींनाच आहे. दक्षिण कोरिया व न्यूझीलंड बाष्पप्रक्रियाच मागतात.

युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, तसेच कारले, पडवळ, वांगे व अळूवर्गीय भाजी यांची आयात थांबवली. २०१३ मध्ये २०७ खेपांत कीड आढळल्याचे कारण दिले गेले. बंदी ऐन हंगामात आली, तेव्हा पेट्या भरून तयार होत्या. आंब्यापुरती ती २०१५ च्या आरंभी उठली. त्यानंतर ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवण्याची पद्धत रूढ झाली.

हा तासभर हापूसला सोसावा लागतो आणि त्याची तयारी झाडावरच सुरू होते. फळ झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट उतरवावे लागते. देठ तुटून चीक सालीवर ओघळला तर गरम पाण्यानंतर तो डाग काळा उठून दिसतो. कोवळे फळ पाण्यात सुरकुतते व नीट पिकत नाही. फार तयार झालेले मऊ पडते. बागेत नर फळमाशीला ओढून घेणारे मिथाइल युजेनॉलचे रक्षक सापळे लावणे, पडकी फळे वेचून पुरणे, ‘मँगोनेट’ या निर्यातबागांच्या ऑनलाइन यंत्रणेत बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त पॅकहाऊस आणि शेवटी ‘फायटो’ म्हणजे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, अशी ही साखळी आहे. खर्च व जोखीम बहुतांशी बागायतदार आणि निर्यातदार यांच्याच अंगावर पडते. आखाती देशांना अशी प्रक्रिया सामान्यतः लागत नाही, म्हणून मालाचा मोठा ओघ तिकडे राहिला.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारानुसार कीडविषयक अटींना शास्त्रीय आधार हवा व त्या गरजेपेक्षा अधिक जाचक नसाव्यात. प्रत्यक्षात अट शास्त्रीय असूनही तिची अंमलबजावणी अडथळा ठरू शकते. अमेरिकी निरीक्षक करोनाकाळात येऊ न शकल्याने २०२० व २०२१ चे हंगाम वाया गेले. २०२२ मध्ये देखरेख भारतीय यंत्रणेकडे आल्यावर निर्यात पुन्हा सुरू झाली. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या १५ खेपा केवळ कागदपत्रांतील त्रुटींवरून अमेरिकी विमानतळांवर नाकारल्या गेल्या. माल परत आणण्याचे भाडे परवडणारे नव्हते, म्हणून तो तेथेच नष्ट करण्यात आला.

भारतात येणाऱ्या फळांवरही असेच निर्बंध आहेत; त्यांचा आधार १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड अधिनियम आणि २००३ चा वनस्पती संगरोध आदेश हा आहे.