गोव्याचं बंदर, बेळगावची वाट

बेळगावच्या रविवार पेठेत मिरचीच्या पोत्यांसमोरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. संकेश्वरी मिरची म्हणजे आपल्या जिल्ह्याची शान, पण मिरची मूळची अमेरिकेतली. तिला पोर्तुगीजांनी गोव्यात उतरवलं. काजू आणि आपल्याकडची पोत्यांनी जाणारी रताळीही तिकडचीच.

पोर्तुगीज आले तेव्हा घाटाची वाट आयती तयार होती. अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि वर घाटमाथ्यावरच्या राज्यांकडे जायचे. बंदर ज्याच्या हाती, घोडे त्याच्या हाती. 1472 मध्ये बहमनी वजीर महमूद गवानने गोवा घेतला. विजयनगरच्या सांगण्यावरून बेळगावचा राजा तो परत घ्यायला निघाला, तर गवानने बेळगावच जिंकून घेतलं.

वास्को द गामा 1498 ला कालिकतला पोचला. गोव्यावर चालून जा, हा सल्ला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिला तो होन्नावरकडच्या दर्यावर्दी तिमोजाने. (घरभेदी आपल्याकडे कधी कमी पडले?) 1510 च्या सुरुवातीला शहर सहज पडलं, पण मे महिन्यात विजापूरच्या आदिलशाही फौजेने ते परत घेतलं. तोवर पावसाळा तोंडावर आला होता. चोर्ला घाटात जुलैचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय, त्याला पुढचं सांगायला नको. बाहेर समुद्र खवळलेला, काठावर शत्रूच्या तोफा, आणि मध्ये मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांची गलबतं अडकलेली. अन्न संपलं, उंदीर मारून खायची पाळी आली. पाऊस ओसरल्यावर ते निसटले आणि ताज्या दमाने परतून 25 नोव्हेंबरला त्यांनी गोवा घेतला, तो साडेचारशे वर्षं सोडला नाही.

पुढच्या डावात बेळगाव पुन्हा आहेच. इथला सुभेदार असदखान लारी आणि आदिलशहा यांचं बिनसलेलं. एका राजपुत्राला गादीवर बसवायचे बेत शिजत होते आणि त्यात असदखानाचं नाव घेतलं जात होतं. तो राजपुत्र गोव्यात पोर्तुगीजांच्या ताब्यात. त्याला आवरून धरा, या आदिलशहाच्या बोलीवर 1543 मध्ये गोव्यालगतचे बारदेश आणि सासष्टी हे मुलूख पोर्तुगीजांच्या पदरात पडले.

एवढं झालं तरी पोर्तुगीज दोन शतकांहून अधिक काळ किनारा धरूनच राहिले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हा मुलूख त्यांनी 1763 ते 1788 च्या दरम्यान घेतला. चोर्ल्याच्या पायथ्याशी त्यांची हद्द आली ती तेव्हा. मिरची त्याच्या कितीतरी आधीच घाट चढून वर आली होती.