आवाज बंद, चित्र चालू: सीमाभागातल्या मराठी वर्गात यंत्रं कशी आली

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत आलेलं जवळजवळ प्रत्येक यंत्र आधी दुसऱ्या भाषेत बोललं. वर्गात त्याला मराठी करून घेतलं ते मास्तरांनी आणि बाईंनी. इथल्या शैक्षणिक तंत्रज्ञानाचा इतिहास बराचसा या खटपटीचा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. शाळा मराठी राहिल्या, खातं मात्र बंगळूरचं झालं. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० पासून होतं, सांगलीचं १९६३ मध्ये सुरू झालं. त्यामुळे रेडिओपुरती तरी सोय होती: काटा सरकवला की मराठी. टीव्हीचं तसं नव्हतं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रयोगाखाली सहा राज्यांतल्या २४०० गावांत उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. शेजारचा विजापूर जिल्हा त्यात होता. जाळीची दहा फुटी छत्री, सकाळी शाळेसाठी साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम. भाषा चारच: हिंदी, कन्नड, तेलुगू, उडिया.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर शाळाशाळांतून रेडिओ-कम-कॅसेट प्लेअर आणि रंगीत टीव्ही पोचू लागले. इथून पुढची युक्ती कुणा एकाची नाही, सवयीतूनच ती रुळावी अशी आहे: आवाज बंद करायचा, चित्र चालू ठेवायचं, निवेदन आपण करायचं. आजही व्हिडिओ वापरण्याची आमच्या मते हीच सर्वांत चांगली पद्धत आहे, भाषा मराठी असली तरीसुद्धा. आधी दोन-तीन मिनिटांचा तुकडा मुका दाखवा. 'काय होतंय?' विचारा. उत्तरं फळ्यावर लिहून घ्या आणि मगच आवाजासह दाखवा. सलग वीस मिनिटं लावून दिलं की मागचे बाक पाच मिनिटांत सुटतात.

संगणक आला तेव्हा अडचण अक्षरांची झाली. त्या काळात मराठी टाइप व्हायचं ते त्या-त्या कंपनीच्या फाँटमध्ये. घरी टाइप केलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या मशीनवर उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची रांगोळी, कारण तो फाँट तिथे नसायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरांच्या समान संकेतात, देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोज एक्सपीवर ती नीट दिसायला भाषेच्या सेटिंगमध्ये एक खूण करून मूळ सीडी घालावी लागे, आणि सीडी नेमकी कपाटात कुलूपबंद. आता फाइल कुठेही उघडते. चूक होते ती कळफलकावर. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकात, साधा 'र' जे या कळीवर आहे. 'दऱ्या'साठी शिफ्ट धरून जे, मग डीवर हलन्त, मग य. शिफ्ट विसरलात तर भूगोलाच्या पेपरात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. 'ळ' मिळतो शिफ्ट आणि एन दाबून.

प्रोजेक्टरची गोष्ट वेगळी, तिथे भांडण उजेडाशी. जुन्या शाळा कौलारू, मधे काचेची कौलं, उजेड थेट भिंतीवर. पडद्यांवर पैसे घालण्याआधी प्रोजेक्टर भिंतीजवळ आणून पाहा. चित्राची रुंदी निम्मी केली की तेवढाच प्रकाश चौपट दाट पडतो. फिकट सहा फुटांपेक्षा ठसठशीत चार फूट बरे. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर करंट गेल्यावर पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा लवकर मरतो. लहान यूपीएस धडा पुरा करायला नसतो. रीतसर बंद करून पंखा दोन मिनिटं फिरू देण्यापुरता असतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात भिंगावर बुरशी धरते. काही शिकवायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र चालू ठेवावं.

सप्टेंबर २०१७ मध्ये दीक्षा हे केंद्र सरकारचं शैक्षणिक व्यासपीठ सुरू झालं आणि पुस्तकांत क्यूआर कोड आले. इथे सीमेचा गुंता पुन्हा वर आला. तिथल्या मराठी शैक्षणिक साहित्याचा मोठा साठा महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांना धरून, आपलं पुस्तक कर्नाटकचं. धड्यांचा क्रम जुळत नाही, कधी पारिभाषिक शब्दही नाही. म्हणून धड्याच्या क्रमांकाने न शोधता घटकाच्या नावाने शोधावं, शाळेत येण्याआधी डाउनलोड करून ठेवावं आणि व्हिडिओतला शब्द व पुस्तकातला शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. परीक्षेला पुस्तकातला चालतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना कर्नाटकाचे धडे चंदना या कन्नड वाहिनीवर आले, महाराष्ट्राचे सह्याद्रीवर. ऑगस्टमध्ये विद्यागम योजनेत शिक्षक गल्ल्यांत, देवळांत जाऊन शिकवू लागले. ऑक्टोबरमध्ये ते थांबलं.

त्याच काळात प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, आणि तो तसाच चालू राहिला. मुलांचे फोटो, गुण, पालकांचे नंबर सगळं एकाच ठिकाणी. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण मूल धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा सर्वसाधारण नियम आहे. गुण ग्रुपवर टाकू नयेत. फोटो काढायचाच तर वहीचा काढा, चेहऱ्याचा नको.

आता कन्नड परिपत्रकं, कन्नड पाठ यंत्राकडून मराठीत करून घेता येतात. वेळ वाचतो, पण सारखे दिसणारे शब्द फसवतात. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे शंका, विज्ञानाच्या मराठी तासाला अनुमान म्हणजे निष्कर्ष. कन्नड 'अवकाश' म्हणजे संधी. असे शब्द यंत्राने असोत की आपण, जसेच्या तसे उचलले की वाक्य वाचायला सरळ आणि अर्थाला उलटं होतं. यावर एक तासिका घेता येते. कन्नड परिच्छेद आणि यंत्राचं मराठी एकाच कागदावर छापून सातवीच्या वर्गाला चार-चारच्या गटांत द्या. मुलं शाळेत दोन्ही भाषा शिकतात. चुका त्यांनी लाल पेनाने काढायच्या.