यादवीतील परकीय लष्करी हस्तक्षेप (खानदेश)

एखाद्या राज्यात सत्तेसाठी आपसांत लढाई जुंपली असता बलाढ्य परक्या सत्तेने फौज घेऊन तीत उतरणे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने (१९४५) दुसऱ्या राज्याविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध ठरवला. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने मात्र वंशसंहारासारख्या प्रसंगी लोकांच्या रक्षणाची सामूहिक जबाबदारी मान्य केली. लिबियात २०११ मध्ये नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून हवाई हल्ले झाले, गद्दाफींची राजवट गेली आणि काही वर्षांत नवी यादवी पेटली. श्रीलंकेत १९८७ च्या करारानुसार गेलेली भारतीय शांतिसेना तमिळ वाघांशीच लढत बसली व १९९० मध्ये परतली.

खानदेशाचा अनुभव याहून पुष्कळ जुना. गुजरात, माळवा, अहमदनगर आणि वऱ्हाड यांच्या मधोमध तापीचे खोरे, आणि उत्तरेच्या वाटेवर अशीरगड. त्यामुळे येथल्या घरच्या भांडणाकडे शेजाऱ्यांचे लक्ष असेच. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा सुलतान दाऊदखान १५०८ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा गझनीखान थोड्याच दिवसांत विषप्रयोगाने गेला. मलिक हुसामुद्दीन या वजनदार सरदाराने त्याच घराण्यातील आलमखानाला पुढे करून अहमदनगरच्या निजामशहाला बोलावले. दुसऱ्या बाजूने गुजरातचा महमूद बेगडा आपल्या मुलीच्या मुलासाठी चालून आला. त्याची फौज जवळ येताच निजामशहा माघारी फिरला आणि बेगड्याने थाळनेर येथे नातवाला आदिलखान (तिसरा) म्हणून गादीवर बसवले. आदिलखानाने १५२० पर्यंत राज्य केले, म्हणजे हस्तक्षेपाने गादी स्थिरावली हे नाकारता येत नाही. पण खानदेश गुजरातच्या ओंजळीने पाणी पिऊ लागला. दोन्ही फौजा स्वतःहून आल्या नव्हत्या, त्यांना घरातल्याच माणसांनी हाक दिली होती. हस्तक्षेपाच्या चर्चेत ही बाब हटकून मागे पडते.

मराठेशाहीत तेच पुन्हा घडले, किंमत मात्र कितीतरी मोठी होती. यशवंतराव होळकराने २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावाने वसई गाठली आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला. तैनाती फौजेच्या, म्हणजे त्याच्या रक्षणासाठी ठेवायच्या इंग्रज पलटणींच्या, खर्चापोटी त्याने २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी त्याला पुण्याच्या गादीवर परत बसवले. शिंदे-भोसल्यांशी त्यावरून युद्ध पेटले आणि ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले. होळकरी फौजांनी खानदेश आधीच लुटला होता, शेते पडीक होती. १८०३-०४ च्या दुष्काळात गावेच्या गावे ओस पडली. मराठ्यांची दुही इंग्रजांनी मिटवली असे म्हणणाऱ्यांनी हा मुलूखही हिशेबात धरायला हवा. पेंढारी आणि भाडोत्री अरब शिबंदी यांचा उपद्रव पुढेही चालूच राहिला, आणि इंग्रजांना पुढे सरकायला तेवढे निमित्त पुरे होते.

मंदसोरच्या तहाने (६ जानेवारी १८१८) होळकराने सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांना दिला. तहाप्रमाणे थाळनेरचा किल्ला ताब्यात घेताना फेब्रुवारीत चकमक उडाली. दरवाजाशी इंग्रज अधिकारी पडल्यावर गडावरील शिबंदी कापून काढण्यात आली आणि जनरल हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी दिली. धन्याने केलेल्या तहाविरुद्ध लढला, एवढाच त्याच्यावरचा आरोप. या शिक्षेबद्दल इंग्लंडातही हिस्लॉपवर टीका झाली.